ब्रेस्ट पंप, बाटल्या आणि उकळायचं पातेलं : नव्या आयांचे नेहमीचे प्रश्न

मी लातूरची, झेडपी शाळेत शिक्षिका, शाळा घरापासून ३८ किलोमीटर, रोज एसटीने. दोन लेकरं. मोठी २०१६ च्या फेब्रुवारीतली, म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा ती दोन महिन्यांची होती, आणि धाकटा २०२१ चा. तीन पंप वापरले, एक पातेलं जाळलं, बरंच दूध ओतून दिलं. आता शाळेतल्या, गल्लीतल्या, नात्यातल्या पोरी तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढायलेय. डॉक्टर नाही मी, त्यामुळे जिथं डॉक्टरकडे जायचं तिथं जा असंच सांगणार.

सातवा महिना लागलाय, पंप आत्ताच घेऊन ठेवू का?

नका घेऊ. बाळंतविड्यात दुपटी, टोपडी, लंगोट आधी घेतो तसं पंपाचं नसतं. काहींना पंप कधीच लागत नाही, बाळ नीट ओढतं, आई घरी असते, विषय संपला. लागतो कुणाला, तर जिला सहा महिन्यांनी (किंवा प्रायव्हेट नोकरीत त्याच्याही आधी) कामावर जायचंय तिला, जिचं बाळ काचेच्या पेटीत आहे तिला, जिचं बाळ अजून ओढत नाही तिला, आणि कधी कधी छाती दगडासारखी झाली तर तेवढ्यापुरता. यातलं तुमचं कोणतं हे बाळ आल्यावरच कळतं, आणि फनेलची (पंपाचं छातीवर लावायचं नरसाळं) साईजपण बाळंतपणानंतरच नीट कळते. दुकानं कुठं पळून जायलीत, लातूर-नांदेड-संभाजीनगरात कोणत्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळतो, नाहीतर ऑनलाईन दोन-चार दिवसांत घरी येतो.

मग पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध काढायची वेळ आली तर?

हाताने. पहिलं दूध, ते पिवळं घट्ट चीक, असतंच चमचा-दोन चमचे, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. पंप लावला तर ते फनेलच्या भिंतीला चिकटूनच संपतं, बाटलीत काही पडतच नाही आणि बाई रडत बसते की मला दूधच नाही. हात स्वच्छ धुवा, कोमट ओलं फडकं दोन मिनिटं ठेवा, मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, निप्पलवर नाही तर काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं, परत. बोटं कातडीवरून घासायची नाहीत. थोड्या वेळाने बोटांची जागा फिरवायची. खाली उकळलेली रुंद तोंडाची स्टीलची वाटी. पहिल्या पाच मिनिटांत काहीच येत नाही, धीर धरा, मग थेंब थेंब आणि मग धार लागते. ही गोष्ट दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी नर्सताईकडून हाताला धरून शिकून घ्या, पंप मोडला, चार्जिंग संपलं, एसटी अडकली तर हेच कामाला येतं.

मॅन्युअल घेऊ की इलेक्ट्रिक?

हे दिवसातून किती वेळा काढणार त्यावर आहे, पैशावर नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा, लग्नाला जायचंय, बँकेत जायचंय, रात्री छाती भरली, एवढंच असेल तर हाताने दाबायचा मॅन्युअल पंप पुरतो, आवाज नाही, लाईट नको, धुवायला भाग कमी. पण रोज कामावर दोन-तीनदा काढायचं असेल तर मॅन्युअलने मनगट जातं, मी पहिल्या वेळी महिनाभर ओढलं आणि मग फळ्यावर लिहिताना अंगठा दुखायला लागला. रोजच्याला इलेक्ट्रिकच. त्यातही सिंगल म्हणजे एका वेळी एक बाजू, डबल म्हणजे दोन्ही एकदम. मधल्या सुट्टीत वेळ किती मिळतो ते मोजा. मला वीस मिनिटं मिळायची, त्यात सिंगलने दोन्ही बाजू होत नव्हत्या, शेवटी धाकट्याच्या वेळी डबल घेतला आणि वाटलं हे पहिल्यांदाच का नाही केलं.

किंमत म्हणाल तर मॅन्युअल साधारण पाचशेपासून दोन हजारांपर्यंत, सिंगल इलेक्ट्रिक दीड हजाराच्या पुढे, डबल आणि नावाजलेल्या कंपनीचे त्याच्या कितीतरी वर. मेडेला, फिलिप्स अव्हेंट, पिजन, लवलॅप ही नावं आपल्याकडे चालतात. मी अमुकच घ्या म्हणणार नाही, पण एक विचारून बघा, की याचा व्हॉल्व (आतली छोटी रबराची टोपी) आणि फनेल सुट्टा मिळतो का. नाही म्हणाला तर तो पंप घेऊ नका, कितीही स्वस्त असू द्या. माझा दुसरा पंप ऑनलाईन सेलमधला होता, नाव सांगत नाही, अकरा दिवसांत ओढायचा बंद झाला, आणि उघडलेला पंप परत घेत नाही म्हणून कळवलं.

डब्यावर लिहिलंय सक्शन लई जास्त आहे, म्हणजे चांगला ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच. जास्त ओढलं की जास्त दूध असं नसतं, दुखायला लागलं की शरीर दूध सोडतच नाही. दूध उतरतं ते ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे, आणि ते दुखण्याला, टेन्शनला, दारावर कुणी टकटक करण्याला घाबरतं. म्हणून बऱ्या पंपात दोन मोड असतात, आधी हलकं भराभर ओढणं म्हणजे बाळ सुरुवातीला करतं तसं, आणि दूध उतरलं की सावकाश खोल. आकडा वाढवत न्यायचा आणि जिथं थोडं टोचल्यासारखं होईल तिथून एक खाली यायचं, तुमचा नंबर तोच. जावेचा सात असेल तर असू द्या.

फनेलची साईज काय भानगड आहे?

लई महत्त्वाची भानगड आहे आणि दुकानदार सांगत नाही. छातीच्या आकाराशी हिचा संबंध नाही, निप्पलच्या रुंदीशी आहे. बऱ्याच पंपांसोबत २४ मिमीचा येतो, कुणाला २१ लागतो, कुणाला २७-२८. पट्टीने निप्पलची मधली रुंदी मोजा, काळा भाग धरायचा नाही, आणि त्याच्यापेक्षा एक-दोन ते तीन-चार मिमी मोठा बघा. चालू केल्यावर निप्पल नळीत सुटसुटीत मागेपुढे झालं पाहिजे. घासत असेल, पांढरं पडत असेल तर लहान होतोय. काळा भाग बराचसा आत खेचला जात असेल तर मोठा. "मला पंप सहनच होत नाही" म्हणणाऱ्या दोन पोरींचा निव्वळ फनेल बदलला आणि काम झालं.

क्लोज्ड सिस्टिम म्हणजे काय?

दूध आणि मोटर यांच्यात एक पडदा असतो, दूध किंवा वाफ उलटी नळीतून मोटरमध्ये जात नाही. हेच घ्या. ज्यात असा पडदा नाही त्यात मोटरच्या आत दूध जाऊन बुरशी धरू शकते आणि मोटर काही उघडून धुता येत नाही.

कपड्यात घालायचा बिनवायरचा पंप घ्यावा का?

ब्राच्या कपात मावतो, वर ओढणी घेतली की कुणाला कळत नाही, ऐकायला भारी वाटतं. पण खाली वाकलं की दूध सांडतं, आणि प्राथमिक शाळेच्या बाईला दिवसातून शंभर वेळा वाकावं लागतं. टेबलावरची नोकरी असेल तर बघा. घरी स्वयंपाक करत करत काढू म्हणून घेणार असाल तर नकोच, दूध काढताना तरी दहा मिनिटं बुड टेकवा.

आमच्याकडे लाईटचं काही खरं नसतं, इलेक्ट्रिक चालेल का?

चालेल, फक्त भिंतीच्या प्लगवरच चालणारा घेऊ नका. आत बॅटरी असलेला किंवा मोबाईलच्या चार्जरवर चालणारा घ्या म्हणजे पॉवर बँक लावता येते. खेडेगावात व्होल्टेज वरखाली होतं त्यातही हेच बरं. आणि मॅन्युअल एखादा स्वस्तातला घरात असू द्या.

पंप लावला तर २० मिलीच येतं, माझं दूध कमी आहे का?

पंप हे दूध मोजायचं माप नाही. बाळ जितकं काढतं तितकं पंप काढू शकत नाही. बाळाला नुकतंच पाजून लगेच पंप लावला तर २०-३० मिली येणं ठीक आहे, पाजायच्या जागी लावला तर, दूध नीट यायला लागल्यावर, दोन्ही बाजूंचं मिळून ६० ते १२० मिली हे बरंच झालं. सकाळी जास्त येतं, संध्याकाळी कमी, त्याचं काही मनाला लावून घेऊ नका. दूध पुरतं का हे बघायचं असेल तर बाळ दिवसात किती वेळा लघवी करतं आणि वजन वाढतंय का ते बघा, अंगणवाडीत काटा असतोच.

आणि रीलमध्ये ज्या बाया फ्रीजर भरून पिशव्या दाखवतात ना, त्या बघूच नका. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिलीच्या आसपास पितं. तुम्ही आठ तास बाहेर असाल तर तेवढ्या तासांचं हवं. दुसऱ्या दिवशीचं दूध पहिल्या दिवशी काढलं की गाडी चालते.

कामावर जायच्या किती दिवस आधी सुरू करू?

दोन-तीन आठवडे पुरेत. बाळाला पाजणं बसायला पहिले तीन-चार आठवडे द्या, त्यात उगाच पंप लावत बसलं की दूध गरजेपेक्षा जास्त यायला लागतं आणि मग गाठी. सकाळचं पाजणं झालं की एकदा काढा, रोज त्याच वेळी. जेवढं रिकामं होईल तेवढं बनतं, हा साधा हिशेब आहे.

सरकारी नोकरीत आपल्याला १८० दिवस मिळतात. खासगीत २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे आहेत, आणि जिथं ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची परवानगी, हेही कायद्यात आहे. कागदावर. बीडकडच्या ऊसतोडीच्या बाया बाळ कोपीत ठेवून फडात उभ्या असतात, त्यांना यातलं काय मिळतं ते आपण सगळे बघतोच.

काढलेलं दूध किती वेळ टिकतं?

हे नीट वाचा कारण इथंच आपल्याकडे गडबड होते. डब्यावरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं खोलीच्या तापमानाला ४ तास. पण ती खोली २५ डिग्रीची धरलेली असते, आणि आपल्या लातूर-परभणी-नांदेडला एप्रिल-मे मध्ये २५ डिग्री पहाटे चारला असलं तर असलं, दुपारी पारा ४२ च्या पुढे. त्यामुळे उन्हाळ्यात आपल्यासाठी नियम एकच, काढलं की लगेच फ्रीज, नाहीतर तासाभरात बाळाला पाजायचं. फ्रीजमध्ये आत मागच्या बाजूला, दारात नाही, ४ दिवसांपर्यंत. वेगळ्या दाराच्या डीप फ्रीजरमध्ये ६ महिन्यांपर्यंत चांगलं राहतं, पण घरात सिंगल डोअर असेल तर त्या बर्फाच्या कप्प्यावर एवढा विश्वास ठेवू नका, पंधरा दिवसांच्या आत संपवा. बर्फातून काढून वितळलेलं दूध फ्रीजमध्ये २४ तास, परत गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवा नाहीतर ओता, आपल्या उन्हाळ्यात मी तर तेवढंही थांबत नाही. ताजं कोमट दूध थंड दुधात ओतू नका, आधी गार करा मग मिसळा. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि वेळ, आणि ६०-६० मिलीच्या छोट्या पिशव्या करा म्हणजे वाया कमी जातं. काठोकाठ भरायचं नाही, गोठलं की फुगतं.

लाईट गेली तर फ्रीजचं दार अजिबात उघडायचं नाही, बंद दाराचा फ्रीज साधारण ४ तास गारवा धरतो. मोठीच्या वेळी एका दुपारी गल्लीतली डीपी जळाली, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लाईट आली. सहा बाटल्या. आईने एकेक उघडून नाकाला लावली आणि काही न बोलता तुळशीत ओतली, मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते.

फ्रीज नाही, माठाजवळ ओल्या वाळूत ठेवलं तर?

माठ हवेपेक्षा गार असतो पण फ्रीज नसतो, त्याच्या भरवशावर दुपारभर दूध ठेवू नका. शेजारी कुणाचा फ्रीज असेल तर एक झाकणाचा डबा तिथं ठेवा. किंवा नर्सबाई लसीसाठी आणतात तसा जाड थर्माकोलचा डबा, आत चांगले गोठलेले आईस पॅक. तसल्या डब्यात पुस्तकात २४ तास सांगितलेत, मी मात्र सकाळचं दूध संध्याकाळी घरच्या फ्रीजपर्यंत पोचवायलाच वापरते. एसटीत इंजिनाच्या बाजूची सीट तेवढी टाळा.

शाळेत, ऑफिसात काढायचं कुठं?

मी साहित्याच्या खोलीत काढायचे, एका बाजूला तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला पृथ्वीचा गोल, आणि दाराला आतून कडी नव्हती म्हणून सातवीच्या एका पोरीला बाहेर उभं करायचे. आधी मुख्याध्यापकांना सांगायला लाजले आणि आठ दिवस छाती भरून ब्लाऊज ओला व्हायचा, मग एकदा सरळ सांगितलं, ते म्हणाले बाई आमच्या सुनेलापण हेच चालू आहे, आणि दुसऱ्या दिवशी कडी बसली. सांगा, लाजू नका. बसस्टँडवर आणि बऱ्याच सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष असतो, हिरकणी म्हणजे तीच, तान्ह्या लेकरासाठी रायगडाचा कडा उतरलेली. कुलूप असेल तर कंट्रोलरकडे चावी मागा, हक्काने.

आत्याबाई म्हणतात दूध काढलं की आटतं, आणि उघड्यावर ठेवलं की नजर लागते.

आटत नाही, उलटं आहे, काढलं नाही तर आटतं. म्हैस वेळेवर पिळली नाही तर काय होतं हे आत्याबाईंना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तसं समजावून बघा, माझ्याकडे तरी लागू पडलं. नजरेचं म्हणाल तर झाकण घट्ट लावायचं आणि वरून फडकं टाकायचं, त्यांचंही मन राहतं आणि माशीपण बसत नाही. बाकी हळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, बाळंतशोपा, जे प्रेमाने देतील ते खा. फक्त पाणी कमी प्या म्हणत असतील तर ते ऐकू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

काढलेलं दूध बाटलीनेच पाजायचं का?

नाही, आणि शक्यतो नाहीच. वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं सगळ्यात बरं. घरात आजीच्या ट्रंकेत चांदीचं असेल, नाहीतर स्टीलचं घ्या. त्याला कोपरे नाहीत, भोकं नाहीत, एका उकळीत स्वच्छ. बाळाला अर्धवट बसवून बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि ते जीभ काढून घेईल तेवढंच, घशात ओतायचं नाही. बाटलीची निप्पल सोपी असते, बाळाला तिची सवय लागली की अंगावर रुसतं, म्हणून पहिला महिना तरी बाटली दूर ठेवा. सहा महिन्यांच्या बाळाला तर सरळ छोट्या कपानेही जमतं.

तरीही बाटली लागतेच कुणाकुणाला, त्यात कमीपणा काही नाही. घेताना रुंद तोंडाची घ्या म्हणजे ब्रश नीट फिरतो, नळ्या-व्हॉल्व कमी असलेली, वयाप्रमाणे हळू धारेची निप्पल. प्लास्टिकची असेल तर आयएसआयचा शिक्का बघा, पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांना आता आपल्या मानकात जागा नाही. काच चांगली पण फरशीवर एकदाच पडते. स्टील टिकतं पण आत किती उरलं दिसत नाही.

आणि दवाखान्यात किंवा मेडिकलवर कुणी पावडरच्या डब्याचं सॅम्पल किंवा बाटली फुकट दिली तर घेऊ नका. १९९२ च्या कायद्याने, जो २००३ मध्ये आणखी कडक झाला, बाळाच्या दुधाच्या पावडरची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आणि अशी फुकट वाटायला बंदी आहे.

स्टेरिलायझर (वाफेने बाटल्यांचे जंतू मारायचं मशीन) घ्यावाच लागतो का?

झाकणाचं एक मोठं पातेलं घ्या, फक्त याच कामाला, त्यात परत चहा करायचा नाही. मशीन आणि पातेलं दोन्ही वापरून सांगते, मशीनने वेळ वाचतो आणि ते आपोआप बंद होतं, बाकी जंतू दोन्हीत मरतात.

पण आधी धुणं. लोक थेट उकळतात आणि दुधाची साय आतच शिजून चिकटते. सगळे भाग सुटे करायचे, आधी गार पाण्याने, मग गरम पाणी, साबण आणि वेगळा ब्रश, तेही सिंकमध्ये ठेवून नाही, बाळाचं वेगळं घमेलं ठेवा कारण सिंकमध्ये कांद्यापासून सगळं जातं. व्हॉल्व म्हणजे ती बदकाच्या चोचीसारखी पांढरी रबराची टोपी, तिला ब्रश लावू नका, चीर फाटते, बोटाने हलकं चोळायचं. माझी एक टोपी शाळेच्या बेसिनच्या जाळीतून गेली, आठ दिवस पंप बंद. तेव्हापासून चहाची गाळणी खाली धरूनच धुते.

मग पातेल्यात सगळं पूर्ण बुडेल एवढं पाणी, बाटलीत हवा अडकायला नको, उकळी फुटल्यापासून ५ ते १० मिनिटं, तळाला प्लास्टिक टेकू नये म्हणून खाली स्टीलची जाळी. झाकण ठेवून गॅस बंद, गार होऊ द्या, हात धुऊन काढा आणि स्वच्छ कापडावर उपडं वाळवा, पदराने पुसू नका. मोटर आणि हवेची नळी उकळायची नसते.

आणि मोबाईलला टायमर लावा. मी लावला नव्हता. बाळ रडलं म्हणून आत गेले, पाजता पाजता डोळा लागला, जाग आली ती वासाने. पाणी आटून दोन निप्पल आणि फनेल पातेल्याला अशा चिकटल्या होत्या की पातेलंच फेकावं लागलं.

२०१६ च्या त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर हे सगळं करायचं म्हणजे जीव वरखाली व्हायचा. दिवसातून एकदाच, सगळं एकत्र उकळायचं, आणि गार झालेलं तेच पाणी लंगोट पहिल्यांदा खळबळायला. अजूनही ते पाणी मोरीत सोडवत नाही मला.

स्टेरिलायझरच्या तळाला पांढरा-तपकिरी थर येतोय, खराब झाला का?

मशीन ठीक आहे, आपलं बोअरचं पाणी जड आहे. क्षार बसतात, मग तवा नीट तापत नाही आणि जळका वास येतो. मशीनमध्ये फिल्टरचं किंवा आरओचं पाणी मापाने घाला. थर आला तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घालून किंवा लिंबूसत्व टाकून अर्धा तास ठेवा, मशीन चालू न करता, मग धुऊन टाका. चाकूने खरवडू नका. असल्या मशीनला साधारण ५०० वॅटच्या वर लागतं, घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका.

इडलीपात्र, कुकर, यूव्हीवाला डबा, औषधाचं पाणी?

इडलीपात्राची वाफ चालते, वरच्या चाळणीत सगळं उपडं ठेवा आणि दहा मिनिटं. शिट्टीचा कुकर नको, प्लास्टिक वाकडं होतं. यूव्ही म्हणजे अतिनील उजेडाने जंतू मारणारा डबा, तो महाग आहे आणि जिथं उजेड पोचतो तिथंच काम करतो, आडोसा राहिला तर राहिला. औषधाच्या गोळ्या किंवा द्रावण प्रवासाला बरं, डब्यावर लिहिलेलं माप, सगळं बुडवून अर्धा तास, आणि पाणी २४ तासांनी बदला.

रोज उकळायचं का? किती महिने?

बाळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत, किंवा कमी दिवसांचं, कमी वजनाचं, आजारी असेल तर रोज एकदा. पुढं साबणाने नीट धुऊन पूर्ण वाळवलं तरी चालतं, पण पाणी टँकरचं-बोअरचं असेल आणि पावसाळ्यात घरोघरी जुलाब चालू असतील तर मी उकळत राहा म्हणेन.

फ्रीजमधलं दूध गरम कसं करू? वर साय आली, साबणासारखा वास येतोय.

गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, त्यात मधेच एखादी जागा चटका बसेल इतकी तापते. वाडग्यात कोमट पाणी घेऊन त्यात बाटली उभी करा, मनगटावर थेंब टाकून बघा. साय वेगळी होणं बरोबर आहे, हलकं गोल फिरवा. साबणासारखा वास दुधातल्याच लायपेज नावाच्या पाचकरसामुळे येतो, दूध खराब नसतं, बाळ पीत असेल तर पिऊ द्या. आंबट, नासका वास असेल तर मात्र ओता.

छातीत गाठ आलीय, लाल झालंय, ताप आहे.

पंपाचा नंबर वाढवून गाठ फोडायला जाऊ नका, आणि पाजणं बंदही करू नका. गार फडकं ठेवा, बाळाला नेहमीसारखं पाजा, आणि ताप असेल किंवा दिवसभरात उतार नसेल तर लगेच डॉक्टर.

बाळ दवाखान्यात काचेत आहे, अजून अंगावर घेतलेलं नाही.

तुमच्यासाठी घाई आहे. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हाताने काढायला सुरुवात करा आणि दिवस-रात्र मिळून आठ-दहा वेळा, रात्रीचं चुकवू नका, रात्री दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं. थेंबभर आलं तरी वाटीत, सिरिंजमध्ये जे सांगतील त्यात द्या, तो थेंबच कामाचा आहे. इथं मात्र डबल इलेक्ट्रिक लागतो, काही दवाखान्यांत त्यांचा मोठा पंप असतो, आधी विचारा. बाळासाठी दुसऱ्या आयांचं तपासलेलं दूध देणाऱ्या मिल्क बँकाही असतात, आशियातली पहिली आपल्या मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ ला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तुमच्या जवळची कुठं आहे ते बालरोग डॉक्टर सांगतील. गल्लीतल्या बाईचं न तपासलेलं दूध परस्पर पाजू नका.

जावेचा जुना पंप आहे, तो वापरू का? माझा नंतर कुणाला देऊ का?

क्लोज्ड नसेल तर नाही, नुसतं उकळून भागत नाही कारण मोटर उकळता येत नाही. क्लोज्ड असेल आणि मोटर दमदार असेल तर फनेल, व्हॉल्व, पडदा, नळी, बाटल्या सगळं नवीन घ्या, त्या खर्चात कधी कधी नवा पंपच येतो, हिशेब करून बघा. माझा डबलवाला माळ्यावर आहे, नणंदेला सातवा चालू आहे, तिने मागच्या रविवारी विचारलं. म्हटलं आधी बाळ येऊ दे, मग फनेल कितीचा लागतो ते बघू.